गोंधळाच्या तारखा दर लग्नसराईत का आदळतात, आणि पामवर त्या कशा सांभाळायच्या

तक्रार तीच असते. मशीनमध्ये तारीख टाकली होती, तरी दोन गावचे यजमान एकाच रात्री आमची वाट बघत बसले. किंवा तारीख टाकल्याचं पक्कं आठवतं, पण मशीनमध्ये ती सापडत नाही. किंवा सापडते, पण एक दिवस मागं-पुढं. आमच्या गोंधळी पार्टीच्या तारखा मी २००३ पासून पाम एम१०० या हातातल्या मशीनवर ठेवतो. काका नायक आहेत, सोबत संबळ, तुणतुणं, झांज आणि दिवटीवाला. अंबाजोगाई हे आमचं ठिकाण. कामं केज, धारूर, परळी, रेणापूर, अहमदपूर, उदगीरपर्यंत. ओळखीतल्या दोन बँजो पार्ट्या आणि एक भारूडवाले अशीच मशीनं किंवा कॅसिओची डिजिटल डायरी वापरतात. त्यांचीही दर वर्षी हीच रड, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

मी बरीच वर्षं दोष मशीनला दिला. बॅटरी जुनी झाली, मेमरी खराब झाली, असं वाटायचं. थोडं तसं होतंही, ते पुढं सांगतो. पण आदळलेल्या तारखा एकेक करून मागं जाऊन तपासल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी मशीननं मी सांगितलं तेच केलेलं निघालं. यजमान एका हिशेबानं बोलत होते आणि मशीन दुसऱ्या हिशेबानं मोजत होतं. मधे मी होतो, आणि मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं मशीनमध्ये ढकलत होतो.

पहिली गोष्ट रात्रीची, कारण सगळ्यात जास्त तारखा तिथंच आदळतात.

चैत्रातलं लग्न होतं. केजकडच्या एका गावचे यजमान फोनवर म्हणाले, "मंगळवारचा गोंधळ आहे, पण पाहुणे उशिरा येणार, बारा वाजता सुरू करा." मी मशीनमध्ये मंगळवारचं पान उघडलं आणि बारा एएम टाकलं. झालं. दोन दिवसांनी रेणापूरकडून फोन आला, त्यांनाही मंगळवारच हवा होता. देवीचा वार, सगळ्यांना मंगळवार नाहीतर शुक्रवारच हवा असतो. मी मंगळवारचं पान बघितलं, संध्याकाळ सगळी मोकळी. हो म्हटलं, इसार घेतला. आता बघा काय झालं होतं. मशीनचा मंगळवार सोमवारची रात्र संपते तिथं सुरू होतो. मंगळवारच्या पानावरचे बारा एएम म्हणजे गावाच्या भाषेत सोमवारची मध्यरात्र. खरी मंगळवारची रात्र मशीनमध्ये रिकामीच होती.

गजर दोन तास आधीचा लावलेला होता. तो सोमवारी रात्री दहाला वाजला. मला वाटलं चुकून वाजला, मी तो बंद केला आणि झोपलो. मशीन त्या रात्री बरोबर सांगत होतं. मी एक फोन लावला असता तर एक दिवस हातात मिळाला असता. मंगळवारी आम्ही रेणापूरकडं चौक भरत होतो आणि केजकडच्या घरी मांडवात माणसं बसून होती.

दुसऱ्या दिवशी काकांना मी हे समजावून सांगू लागलो तर ते म्हणाले, "आरं, मंगळवारची रात म्हंजी मंगळवारच की. उजाडल्याबिगर बुधवार कसा व्हईल?" त्यांचं बरोबर आहे. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळाचा बाराला. गोंधळ रात्री मांडतात आणि पहाटे आरती होते, म्हणजे आमचं प्रत्येक काम या दोन हिशेबांच्या नेमकं मधे पडतं. दिवसाचे कार्यक्रम करणाऱ्याला हा त्रास कधी कळणार नाही.

उपाय असा. आधी मशीनच्या प्रेफरन्सेसमध्ये फॉरमॅट्स उघडून वेळ चोवीस तासांची करून टाका. एएम-पीएमची भानगडच नको. दुपारचे बारा म्हणजे १२:०० आणि मध्यरात्र म्हणजे ०:००, आणि ०:०० दिसलं की माणूस आपोआप थांबून विचार करतो. मग प्रत्येक रात्रीच्या कामाच्या दोन नोंदी करा. माझ्या एम१०० च्या डेटबुकमध्ये, म्हणजे तारखांच्या वहीत, मध्यरात्र ओलांडणारी एक नोंद होतच नाही, आणि होत असती तरी मी दोनच केल्या असत्या. मंगळवारी २०:०० ते २३:५५ गावाचं नाव. बुधवारी ०:०० ते १२:०० तेच नाव. बुधवारचे दुपारी बारापर्यंत मुद्दाम घेतो. पहाटे आरती, मग यजमानांकडचा चहा-फराळ, मग परतीचा प्रवास. रात्रभर उभं राहून संबळ वाजवलेल्या माणसाला सकाळी दहाला दुसऱ्या गावात उभं करणं हा अन्याय आहे. ती तारीख कागदावर आदळत नाही, पण माणसाच्या अंगावर आदळते. डिस्प्ले ऑप्शन्समध्ये टाइम बार्स चालू ठेवले की दिवसाच्या पानावर डावीकडं रेघा दिसतात, त्यामुळं दोन कामं एकमेकांवर चढली तर लगेच नजरेत येतं.

आणि फोन ठेवायच्या आधी यजमानांना दोन्ही वार मोठ्यानं सांगायचे: "मंगळवारी दिवस मावळल्यावर आम्ही येतो आणि बुधवारी उजाडल्यावर निघतो, बरोबर ना?" या एका वाक्यानं निम्म्या चुका फोनवरच पकडल्या जातात. बऱ्याचदा समोरून उत्तर येतं, "नाही नाही, सोमवारी मावळल्यावर."

मोबाइलवर तारखा ठेवणाऱ्यांनाही हे लागू आहे. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मध्यरात्र ओलांडणारी नोंद होते, पण बारा एएमचा घोळ तिथंही तसाच राहतो.

आता तिथीचं. लग्नाची तारीख पत्रिकेवर इंग्रजी महिन्यात छापलेली असते, तिथं त्रास नाही. त्रास वर्षाच्या कुळधर्माचा. बरीच घरं अशी आहेत की वर्षानुवर्षं एका ठरलेल्या तिथीला आमच्याकडूनच गोंधळ घालून घेतात. कुणाचा नवरात्रातल्या एखाद्या माळेला, कुणाचा पौष महिन्यात शाकंभरीच्या पौर्णिमेला. हे लोक दर वर्षी फोन करत नाहीत. त्यांच्या मनात ते ठरलेलंच असतं. म्हणून सुरुवातीला मी अशा नोंदींना दर वर्षी आपोआप येण्याची खूण करून ठेवली होती आणि निर्धास्त झालो होतो. हे कुणीही करू नका.

मशीन इंग्रजी तारीख धरून पुढच्या वर्षी तीच तारीख दाखवतं. आपलं चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे तिथी दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडं सरकते, आणि अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पलीकडं उडी मारते. घटस्थापनाच बघा. २०२३ ला १५ ऑक्टोबर, २०२४ ला ३ ऑक्टोबर, २०२५ ला २२ सप्टेंबर. आणि २०२६ ला ११ ऑक्टोबर, कारण मधे अधिक ज्येष्ठ आहे. २०२३ ची नोंद दर वर्षी आपोआप येत राहिली असती तर २०२५ मध्ये दसरा होऊन गेल्यावर मशीननं घट बसवले असते.

बरं, चूक नुसती उशिराची होत नाही. खोट्या जागी बसलेली नोंद एक मोकळी रात्र अडवून ठेवते, आणि खरी रात्र मोकळी दिसते म्हणून आपण ती दुसऱ्याला देतो. एका चुकीतून दोन घरं दुखावतात.

म्हणून आमच्याकडं आता कुळधर्माच्या घरांची यादी कॅलेंडरमध्ये नाहीच. ती मेमो पॅडमध्ये आहे: गाव, घर, महिना, पक्ष, तिथी. नवं पंचांग हाती आलं की एक दिवस मी आणि काका समोरासमोर बसतो. ते पंचांग धरून तिथी वाचतात, मी इंग्रजी तारीख टाकतो आणि टाकलेली परत वाचून दाखवतो. तीसेक घरांना दोन तास लागतात. तिथीची वृद्धी असेल, क्षय असेल, तर काका तिथंच सांगतात की यजमानांना आधी विचारून घे. कीर्तनकार मंडळींच्या तारखा ठेवणाऱ्यांनी एकादशीला तर विचारल्याशिवाय राहूच नये. काही महिन्यांत स्मार्त आणि भागवत अशा दोन लागोपाठच्या दिवशी एकादशी येते, आणि गावानं कोणती धरली आहे हे मशीनला काय, आपल्यालाही घरबसल्या कळत नाही.

२०२६ साठी आणखी एक. १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. अधिकात लग्नं लागत नाहीत, म्हणजे एरवी मे अखेरपर्यंत पसरणारी सराई मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटते. त्या दिवसांच्या तारखा तोंडी कुणालाही देऊ नका. १७ मे ते १५ जून या पट्ट्यात मी आत्ताच "अधिक" अशी बिनवेळेची नोंद करून ठेवली आहे.

बिनवेळेच्या नोंदीवरून आठवलं. महिन्याच्या पानावर मशीन फक्त छोट्या खुणा दाखवतं, आणि बिनवेळेच्या नोंदींची खूण तिथं दिसायला डिस्प्ले ऑप्शन्समध्ये ते वेगळं चालू करावं लागतं. ते बंद असेल तर वेळ न टाकलेली सगळी कामं महिन्याच्या पानावरून गायब. आपण महिना बघतो, मोकळा दिसतो, हो म्हणून टाकतो. भारूडवाल्यांच्या मशीनची निम्मी तक्रार या एका खुणेनं मिटली. ते कच्च्या तारखा वेळ न टाकताच ठेवायचे.

तारीख एक ओळ किंवा एक दिवस इकडं-तिकडं पडत असेल तर पडद्याचं बघा. ही मशीनं काडीनं चालतात आणि वर्षं गेली की पडदा सरकतो. काडी एका ओळीवर टेकवावी आणि उमटावं खालच्या ओळीवर. प्रेफरन्सेसमध्ये डिजिटायझर म्हणून आहे, तिथं सांगितलेल्या खुणांच्या बरोबर मध्यावर टेकवलं की ठीक होतं. मी दर महिन्याला करतो. मिनिटाचं काम आहे.

आता खरोखर उडालेल्या तारखा. म्हणजे मशीन चालू केलं आणि ते नवं घेतल्यासारखं सगळं पहिल्यापासून विचारायला लागलं. एम१०० मध्ये सगळी माहिती अशा मेमरीत असते की जिला सतत वीज लागते. पेन्सिल सेलपेक्षा बारीक, ट्रिपल ए दोन सेल ती वीज देतात. सेल काढल्यावर आतला एक भाग थोडा वेळ मेमरी तगवून धरतो. मशीन नवं असताना तो वेळ मिनिटभर असायचा. वीस वर्षांच्या मशीनमध्ये तो किती उरलाय त्याचा भरवसा धरू नका.

इथं एक सल्ला लोक एकमेकांना देतात, "एक एक सेल बदला, म्हणजे काही जात नाही." ज्या डिजिटल डायऱ्यांत मेमरीसाठी वेगळा बॅकअप सेल असतो तिथं हा सल्ला बरोबर आहे. तिथं मुख्य सेल आणि बॅकअप सेल एकाच वेळी काढायचे नाहीत, एवढंच जपायचं. पण पाममधले दोन सेल एकामागोमाग एक जोडलेले आहेत. एक काढला की वीज तुटलीच. एक एक करत बसलात तर उलट वेळ जास्त जातो. दोन नवे सेल उघडून समोर ठेवा, दिशा आधी बघून घ्या, मग दोन्ही काढा आणि दोन्ही घाला. चार्जिंगचे सेल घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यांचा दाब १.५ च्या जागी १.२ व्होल्ट असतो, त्यामुळं बॅटरीची पट्टी सुरुवातीपासूनच कमी दाखवते आणि शेवटी एकदम बसते. मी साधे अल्कलाइनच वापरतो. कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात, आणि रात्र-रात्र लोडशेडिंग असायचं त्या वर्षांत हे मशीन याच एका गुणावर टिकलं.

सेल बदलण्याच्या आधी हॉटसिंक करायचंच, म्हणजे मशीन संगणकाला जोडून तारखांची प्रत तिथं उतरवायची. आमचं मशीन जुन्या सिरियल केबलचं आहे, म्हणून एका मित्राच्या दुकानात जुन्या विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक फक्त त्यासाठी जपून ठेवला आहे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा वहीत उतरवून मगच सेलला हात लावावा.

आणि उडालंच, तर गडबडून लगेच सिंकचं बटण दाबू नका. संगणकावर हॉटसिंकच्या कस्टममध्ये जाऊन डेटबुकसाठी "डेस्कटॉप ओव्हरराइट्स हँडहेल्ड" निवडा, म्हणजे संगणकातलं सगळं मशीनमध्ये येईल. याच्या उलटा पर्याय त्याच यादीत शेजारीच आहे. तो चुकून निवडला तर रिकामं मशीन संगणकातल्या भरलेल्या तारखा पुसून टाकेल. सिंक होताना मशीन वापरणाऱ्याचं नाव विचारेल, तिथं जुनंच नाव द्या; नवं नाव टाकलंत तर तो वेगळा माणूस समजून रिकामं खातं उघडेल. काम झालं की पुढच्या वेळेसाठी पर्याय परत "सिंक्रोनाइझ"वर आहे ना ते बघा.

मेनूत पर्ज नावाची आज्ञाही आहे. ती जुन्या नोंदी काढून टाकते. मेमरी भरली म्हणून ती चालवणाऱ्यांना मी सांगेन की नको. मागच्या वर्षी कोणत्या गावी किती बिदागी ठरली होती, मुक्काम कुठं होता, हे आम्ही नोंदीच्या टिपेत लिहितो, आणि यजमान "मागच्या वेळेसारखंच" म्हणतात तेव्हा तीच टीप कामाला येते.

नोंद सापडत नाही म्हणजे ती गेलीच असं नाही. मशीनमध्ये देवनागरी नाही, सगळं रोमन अक्षरात लिहावं लागतं. वडवणीतला व मी कधी व्हीनं लिहिला, कधी डब्ल्यूनं. शोधताना मशीन शब्दाची सुरुवात जुळवतं, त्यामुळं व्हीनं शोधलं की डब्ल्यूची नोंद येत नाही. मी एक यादी करून ठरवून टाकलं की व म्हणजे व्हीच. पिंपळगाव, सावरगाव, वडगाव ही नावं तर तालुक्यागणिक आहेत. नावापुढं तालुक्याची दोन अक्षरं टाकल्याशिवाय नोंद पुरी झाली असं मी धरत नाही. एकदा गाडी निघताना दिवटीवाल्यानं विचारलं, "कोणतं पिंपळगाव?" आणि आम्ही सगळे एकमेकांकडं बघत राहिलो. तेव्हापासूनचा हा नियम.

राहिली कच्ची-पक्की. इसार हातात आल्याशिवाय तारीख पक्की नाही, हे सगळ्या पार्ट्यांत चालतं. पण मशीनमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून गावाच्या आधी एक अक्षर: के म्हणजे कच्ची, पी म्हणजे पक्की. कच्चीला तीन दिवसांनंतरचा गजर. गजर वाजला की यजमानांना फोन, "इसार पाठवताय का, का तारीख मोकळी करू?" यात संकोच करू नये. मोकळी करायची तर सांगून करायची.

हे सगळं केलं तरी एक भोक उरतं, ते म्हणजे काका. लोक त्यांना बाजारात, देवळात, एसटीत गाठतात, आणि मोठ्या माणसाला नाही म्हणवत नाही. पूर्वी ते खिशातल्या पंचांगावर खूण करायचे आणि घरी येऊन सांगायला विसरायचे. दोन ठिकाणी लिहिलं जातं तिथं तारखा आदळणारच, मशीन कोणतंही असो. मी त्यांना अडवू शकत नव्हतो, म्हणून काकूंनी मार्ग काढला. काकांनी कुणालाही एवढंच म्हणायचं: "पोरानं वही बघितली की सांजच्याला सांगतो." आणि संध्याकाळी जेवायच्या आधी मी विचारायचं, आज कोण भेटलं. पहिला महिना त्यांना ते कमीपणाचं वाटलं. मग एका शुक्रवारी ती रात्र आधीच गेलेली निघाली, आणि त्यांनी दिवसा कुणाला शब्द दिलेला नव्हता.

तरीही आदळलीच तर उशीर करू नका. ज्यांचा इसार आधी आला त्यांचं काम राखायचं. दुसऱ्यांना त्याच दिवशी कळवायचं आणि कळवण्याआधी त्यांच्यासाठी दुसरी पार्टी विचारून ठेवायची. अंबाजोगाई, परळी, लातूर या भागात गोंधळी घराणी पुष्कळ आहेत, ओळख ठेवली तर कुणी ना कुणी मोकळं असतं. मात्र घर तुळजाभवानीचं आहे की माहूरच्या रेणुकेचं, ते आधी विचारा. कदमराई (तुळजाभवानीचे) आणि रेणुराई (रेणुकेचे) या गोंधळ्यांच्या दोन शाखा, त्यांची मांडणी आणि गाणी यांत फरक आहे, आणि जुन्या घरांना ते चालत नाही. घेतलेला इसार घरी नेऊन हातात परत द्यायचा. केजकडच्या त्या घरी काका स्वतः गेले होते, मी मागं उभा होतो. मांडवाचे खांब अजून काढलेले नव्हते. पुढच्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "कोणता दिवस मावळल्यावर?"